प्रतिसाद: लुलिंगस्टोनचे घर आणि त्याचे तळघर

रोमन व्हिला (रोमन काळातले ग्रामीण भागातले घर) म्हणजे धनिकांचा महालच, असे मत या चर्चेत मांडले गेले आहे; ते इंग्लंडमधील फिशबोर्नच्या भव्य रोमन महालाला शोभते. इंग्लंडच्याच केंट परगण्यात डॅरेंट नदीकाठी असलेले लुलिंगस्टोनचे रोमन घर मात्र त्या मानाने बरेच आटोपशीर होते. 1750 च्या सुमारास हरणांच्या कुरणाला कुंपण घालताना खांबांचे खड्डे थेट तिथल्या मोझेकच्या (रंगीत तुकडे जडवून केलेल्या) फरशीतून गेले, पण पद्धतशीर उत्खनन सुरू व्हायला 1949 उजाडले.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते तेथील तळघर. तेथे संगमरवरी अर्धपुतळे आणि त्यांच्यासमोर ठेवलेली मातीची भांडी सापडली. चौथ्या शतकात वरच्या खोलीच्या भिंतींवर हात पसरून प्रार्थना करणाऱ्या माणसांची ख्रिस्ती चित्रे रंगवली गेली. पाचव्या शतकाच्या आरंभी घर जळाले, वरचा गिलावा तळघरात कोसळला आणि त्या ढिगाऱ्यातच तो टिकला. त्याचे हजारो तुकडे जुळवून उभी केलेली ती चित्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वर नवा ख्रिस्ती धर्म आणि खाली त्या अर्धपुतळ्यांसमोर बहुधा पूर्वजांची पूजा, असे एकाच छपराखाली नांदत असावे, हा अर्थ मला पटतो.