गिरणेच्या दरडीतल्या पांढऱ्या नळ्या: हाडं की चुनखडे?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या दरडीत, काठापासून चारेक मीटर खाली, पिवळट मातीत पांढऱ्या नळ्या उभ्या रुतलेल्या आहेत. बोटाएवढ्या जाड, वीतभर लांब, काहींना खाली फाटे. गावात डायनासोरची हाडं म्हणतात. ओळखायचं कसं?

काळापाषाण:
डायनासोर नक्की नाही, भाऊ. आपला काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. गिरणेचा गाळ त्यावर फार उशिरा बसला, डायनासोर संपल्यावर कोट्यवधी वर्षांनी.

उभी नळी आणि खाली फाटे म्हणजे बहुतेक मुळाभोवती जमलेला चुना. मूळ पाणी ओढून घेतं, चुना भोवती साचतो, मूळ कुजलं की मधे पोकळी उरते. एक नळी आडवी मोडा आणि दहापट भिंगाखाली बघा. मधे भोक, भोवती कडी, तर मुळाचा साचा. हाडाला बाहेरून घट्ट कवच आणि आत जाळी असते.

व्हिनेगरच्या फेसावर किंवा जिभेला चिकटण्यावर विसंबू नका. चुना भरलेलं हाडही फसफसतं आणि सच्छिद्र चुनखडाही जिभेला चिकटतो.

साचे निघाले म्हणून फेकू मात्र नका. त्या थरावर बराच काळ पूर येणं बंद होतं, झाडझाडोरा उगवला होता आणि पाऊस चुना धुऊन नेण्याइतका नव्हता, हे सगळं त्यातून कळतं. थराची जाडी आणि काठापासूनची खोली टेपने मोजून ठेवा.

गिरणाकाठ:
मोडून पाहिली, मधे भोक आहे. त्याच थरात पिवळसर, किंचित वक्र कवचाचे तुकडेही दिसतात, जाडी २ मिमी. शिंपले असावेत का?

पाटणेकर:
थांबा, हे तपासायलाच हवं, शहामृगाच्या अंड्याचं कवचही असू शकतं! शिंपला पापुद्र्यांनी सुटतो, आत मोत्यासारखा चमकतो आणि जाडी कडेला कमी होत जाते. शहामृगाच्या अंड्याचं कवच सगळीकडे सारखंच, २ मिमीच्या आसपास, आणि पृष्ठावर सूक्ष्म छिद्रं. कोंबडीचं अर्धा मिमीही नसतं.

तुमच्याच तालुक्यात पाटण्याला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळींच्या उत्खननात शहामृगाच्या कवचाचे मणी आणि जाळीदार रेघा कोरलेला तुकडा मिळाला, काळ सुमारे २५,००० वर्षं. म्हणून कडेला रेघ किंवा गोल भोक आहे का ते आधी बघा.

कवच व्हिनेगरमध्ये बुडवू नका, विरघळेल. फेव्हिकॉल किंवा वार्निश लावू नका, त्यातला कार्बन मिसळून कार्बनवरून होणारं कालमापन बिघडतं. कापसातही नको, धागे चिकटतात. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवा. दरडीतले तुकडे जागेवरच राहू द्या, मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, जीपीएस टिपा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. खाली पडलेल्या तुकड्याला थर राहत नाही, त्यामुळे त्याची पुडी वेगळी आणि चिठ्ठीही वेगळी.