बर्फ पडण्यापूर्वी गोल्फच्या हिरवळीची काळजी

प्रश्न : अमेरिकेतील मिनेसोटातील आमच्या गोल्फ मैदानावरील ग्रीनवर (छिद्राभोवतीच्या अगदी आखूड कापलेल्या हिरवळीवर) बेंटग्रास आणि पोआ ॲनुआ या दोन गवतांचे मिश्रण आहे. मागील वसंतात बर्फ वितळल्यावर सखल भागांतील पोआ मेलेले आढळले. यंदा हिवाळ्यापूर्वी काय करावे?

उत्तर : गवत सखल भागातच मेले असेल, तर मुख्य दोष साचणाऱ्या पाण्याचा असावा. वितळलेले पाणी तिथे पुन्हा गोठते आणि त्या हवाबंद थराखाली गवत गुदमरते. पोआ साधारण दीड-दोन महिन्यांत दगावते, तर बेंटग्रास तीन महिन्यांहूनही अधिक तग धरू शकते. त्यामुळे आधी पाण्याला वाट करून द्यावी. माझ्या मते बाकी सारे त्यानंतर.

दुसरे उत्तर : निचऱ्याबाबत पूर्ण सहमत आहे. शिवाय शरद ऋतूत कापणीची उंची थोडी वाढवावी, म्हणजे पाने अधिक अन्न तयार करून हिवाळ्यासाठी साठवतील. उशिरा भरपूर नत्र देणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळे फुटणाऱ्या कोवळ्या वाढीवर बर्फाखालची बुरशी लवकर पसरते. बुरशीनाशकही बर्फ टिकून राहण्यापूर्वीच फवारावे.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. एका ग्रीनच्या दक्षिणेस दाट झाडे आहेत. त्यांचाही परिणाम होत असेल का?

पहिले उत्तरदाते : निश्चितच. त्या सावलीत बर्फ अधिक काळ टिकतो, म्हणून तेथील फांद्या आताच विरळ कराव्यात.