नुसत्या सहीवर व्हेंटिलेटर काढत नाहीत

घरच्यांनी सही केली की बरं होण्याची आशा नसलेल्या पेशंटचा व्हेंटिलेटर काढतात असं कुणीतरी लिहिलंय, पण तसं नाहीये हो. सन्मानानं मरण्याच्या हक्काबद्दल सुप्रीम कोर्टाचा 2018 चा निकाल, त्यात 2023 ला बदल झाले आणि 30 जानेवारी 2025 ला कर्नाटक सरकारनं परिपत्रक काढलं, त्यानुसार आधी हॉस्पिटलचं तीन डॉक्टरांचं बोर्ड बघतं, मग दुसरं तिघांचं, त्यात एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी नेमलेला, शिवाय घरच्यांची संमती, आणि मॅजिस्ट्रेटला कळवून मगच काढतात.

आमच्या आप्पांच्या वेळी बेळगावात रात्री दोनला आयसीयूच्या दारात कन्नड फॉर्म हातात दिला, मला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, चुलतभाऊ खानापूरहून येईपर्यंत पेन तसंच हातात धरून बसले होते. आप्पांना स्वतःला काय हवं होतं हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं, त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून अशा वेळी आपल्याला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत ते शुद्धीत असतानाच लिहून ठेवा. दोन साक्षीदार, नोटरी नाहीतर गॅझेटेड ऑफिसरची सही, आणि आपल्या वतीनं निर्णय घेणाऱ्या किमान दोघांची नावं. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे द्या. मन बदललं तर कधीही रद्द करता येतं. मी माझं केलंय, मुलीला कपाटात कुठं ठेवलंय तेपण दाखवलंय.