ब्लॉकच्या भिंतीवरची सिल प्लेट रेव्हिटमध्ये कशी दाखवावी?

प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात राहून अमेरिकेतील एका वास्तुविशारदासाठी निवासी घरांचे नकाशे रेव्हिट या इमारतीचे मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करते. सध्याचे घर उत्तर कॅरोलिनातील असून त्याचा पाया काँक्रीट ब्लॉकचा आहे. मजल्याखाली माणसाला सरपटत जाता येईल एवढी पोकळी, म्हणजे क्रॉल स्पेस, आहे आणि वर लाकडी जॉइस्टचा, म्हणजे ओळीने टाकलेल्या आडव्या तुळयांचा, मजला आहे. ब्लॉकच्या माथ्यावर बोल्टने आवळलेली, प्रक्रिया केलेल्या लाकडाची सिल प्लेट असते आणि जॉइस्ट तिच्यावर टेकतात, हे मला ठाऊक आहे. परंतु आपल्याकडच्या आरसीसी घरांच्या कामात हा भाग कधी हाताखालून गेलेला नाही.

अडचण अशी की सेक्शन काढला की ब्लॉकची भिंत थेट जॉइस्टच्या तळाला भिडलेली दिसते आणि प्लेटला जागाच उरत नाही. भिंतीच्या प्रकारात लाकडाचा थर घालावा, तर तो माथ्यावर आडवा न बसता भिंतीच्या पूर्ण उंचीभर उभा राहतो. स्टॅक्ड वॉल (एकावर एक रचलेल्या भिंती), वॉल स्वीप (भिंतीला लागून धावणारी पट्टी) की बीम (तुळई), यांपैकी कोणता मार्ग घ्यावा? आणि बोल्टही मॉडेलमध्ये दाखवावेत का?

पहिले उत्तर

आधी लेव्हल, म्हणजे रेव्हिटमधील उंचीच्या संदर्भ-पातळ्या, नीट करून घ्या, प्लेट नंतर. मजला काढून पूर्ण करताना रेव्हिट विचारते की या लेव्हलपर्यंत येणाऱ्या भिंती मजल्याच्या तळाला जोडायच्या का. तेथे ‘हो’ म्हटले की ब्लॉक आपोआप जॉइस्टपर्यंत चढतो, आणि तुमच्या सेक्शनमध्ये बहुधा तेच झाले आहे. भिंत निवडून तिचा माथा मजल्यापासून सोडवा आणि ‘ब्लॉकचा माथा’ अशी स्वतंत्र लेव्हल करून भिंत तेथेच थांबवा.

त्या लेव्हलपासून वर १.५ इंचाची प्लेट, त्यावर दोन बाय दहाचा, म्हणजे प्रत्यक्षात ९.२५ इंच खोलीचा जॉइस्ट आणि वर पाऊण इंचाचा सबफ्लोअर (जॉइस्टवर ठोकलेला फळ्यांचा थर) धरला, तर एकूण ११.५ इंच होतात. प्लेट विसरली तर तयार मजला नकाशात १.५ इंच खाली जातो आणि ती चूक पोर्चच्या पायऱ्यांत उघडी पडते. तेथील निवासी संहितेचा आधार असलेल्या आयआरसीमध्ये (इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये) एका पायरीची उंची जास्तीत जास्त ७.७५ इंच चालते आणि एकाच जिन्यातील सर्वांत उंच व सर्वांत ठेंगण्या पायरीत ३/८ इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. चार पायऱ्यांच्या जिन्यात जागेवर आयत्या वेळी निघालेले १.५ इंच कोठे मुरवणार? म्हणूनच प्लेट ही शोभेची रेघ नसून उंचीच्या हिशेबातील एक थर आहे, असे मी आग्रहाने सांगतो.

माझी पसंती बीमला आहे. डायमेन्शन लंबरच्या (ठरावीक मापांच्या लाकडाच्या) फॅमिलीत, म्हणजे रेव्हिटच्या तयार घटकात, ५.५ इंच रुंद आणि १.५ इंच खोल असा आडवा प्रकार तयार करा, म्हणजे दोन बाय सहाचा प्रकार घेऊन फिरवत बसावे लागणार नाही. मात्र रेव्हिट बीमचा माथा लेव्हलला लावते, तळ नव्हे. त्यामुळे प्लेट १.५ इंच ब्लॉकमध्ये बुडते आणि प्लॅन पाहून ते लक्षातही येत नाही. बीमची कोणती कड लेव्हलला लागेल हे ठरवणारे झेड जस्टिफिकेशन ‘तळ’ असे करा. कोपऱ्यात दोन प्लेट एकमेकींत नको तशा मिसळल्या तर टोकावर राइट क्लिक करून जोड बंद करा. शिवाय कोअर्स डिटेलमध्ये (सर्वांत कमी तपशिलाच्या पातळीवर) बीमची नुसती रेघ दिसते, म्हणून तो व्ह्यू मीडियम किंवा फाइनवर ठेवा.

दुसरे उत्तर

वरील लेव्हलचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, पण प्रत्येक घरात प्लेटचा बीम काढावा याच्याशी मी सहमत नाही. काम फक्त परवान्याच्या संचापुरते असेल, तर लेव्हल अचूक ठेवून सेक्शनमध्ये प्लेटचा डिटेल कंपोनंट (फक्त त्या व्ह्यूत दिसणारे सपाट चित्र) ठेवला तरी पुरते. लाकडाची यादी द्यायची असेल तेव्हा मात्र बीमला पर्याय नाही, कारण शेड्यूलमध्ये (मॉडेलवरून बनणाऱ्या तक्त्यात) त्याची कापीव लांबी मिळते. स्टॅक्ड वॉल टाळा, १.५ इंच उंचीची ‘भिंत’ पुढे भिंतींच्या यादीत आणि क्षेत्रफळात घुसत राहते.

बोल्टविषयी: सगळे मॉडेल करू नका, पण त्यांची मांडणी समजून घ्या. आयआरसीनुसार किमान अर्धा इंच व्यासाचे बोल्ट जास्तीत जास्त ६ फुटांवर लागतात आणि प्लेटच्या प्रत्येक तुकड्याला किमान दोन असावे लागतात. तुकड्याच्या प्रत्येक टोकाशी एक बोल्ट हवा. तो टोकापासून १२ इंचांच्या आत, पण बोल्टच्या व्यासाच्या सातपटीपेक्षा, म्हणजे अर्ध्या इंचाच्या बोल्टसाठी ३.५ इंचांपेक्षा, जवळ नको. बोल्ट काँक्रीटमध्ये किंवा ग्राउट (ब्लॉकच्या पोकळीत ओततात ते पातळ काँक्रीट) भरलेल्या पोकळीत ७ इंच खोल जातो. ब्लॉकच्या पोकळ्या साधारण ८ इंचांच्या अंतराने येतात, त्यामुळे वरचा थर सलग ग्राउट केलेला बाँड बीम नसेल, तर बोल्टचे अंतर ८ च्या पटीतच बसते. प्लेटच्या जोडाची जागा ठरवताना हे डोळ्यासमोर ठेवा, म्हणजे गवंड्याला कोणत्या पोकळ्या भरायच्या हे नकाशावरूनच कळेल. भूकंपप्रवण भागांत आणि स्थानिक दुरुस्त्यांमुळे नियम आणखी कडक होऊ शकतात, तेवढे त्या वास्तुविशारदांकडून पक्के करून घ्या.

ब्लॉक ७ ५/८ इंच रुंद आणि प्लेट ५.५ इंच, म्हणजे २ १/८ इंच उरतात. ते आत सोडायचे की बाहेर, हे बाहेरच्या प्लायच्या पृष्ठभागावरून ठरते आणि लाकडी भिंतीची रेषा त्याच्याशी जुळली पाहिजे. प्लेट आणि ब्लॉक यांमध्ये घालायची फोमची पट्टी असेल, तर तो फोम दाबला जाऊन पातळ होतो. त्याची टीप लिहा, जाडी मोजू नका.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. भिंत मजल्यापासून सोडवताच सेक्शन सुधारला. यादी द्यायची असल्यामुळे मी बीमच घेत आहे. एक शंका उरली: घराच्या मध्यातून जाणारा, तीन दोन बाय दहा जोडून केलेला गर्डर (जॉइस्टना मध्ये आधार देणारी मुख्य तुळई) ब्लॉकच्या भिंतीतील खाचेत टेकतो. त्याचा माथा ब्लॉकच्या माथ्याला लावायचा का?

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

नाही, प्लेटच्या माथ्याला लावा. अन्यथा जॉइस्ट मध्यभागी १.५ इंच खाली येतील. गर्डर ९.२५ इंच खोल आहे, त्यामुळे त्याचा तळ ब्लॉकच्या माथ्याखाली ७.७५ इंचांवर येतो. सांध्यासह ब्लॉकचा एक थर ८ इंचांचा असतो, म्हणून एका थराची खाच सोडली की पाव इंचाची पोलादी पट्टी खाली सरकवून गर्डर बरोबर बसतो. तो किमान ३ इंच टेकलेला असावा आणि लाकूड प्रक्रिया केलेले नसेल, तर खाचेत त्याच्या माथ्याला, बाजूंना आणि टोकाला अर्धा इंच हवेची जागा सोडा. ही जागा रेव्हिटमध्ये भिंतीला ओपनिंग देऊन दाखवता येते, आणि त्या खाचेवर प्लेटचा बीम तोडून दोन तुकडे करायला विसरू नका, कारण तेथे प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी पुन्हा बोल्ट लागतो.