जीन सुटे वाटले जातात की क्रोमोसोम? डोकं फिरलंय

चिपळूणची आई:
लेक बारावीला आहे, नीटची तयारी चाललीय. तिला समजवायला बसले आणि मीच अडकले. क्लासमधे सांगितलं की मायोसिसमधे (शुक्राणू-बीजांडं तयार होताना पेशी विभागते त्यात) प्रत्येक जीन, म्हणजे गुण ठरवणारा घटक, दुसऱ्याशी संबंध न ठेवता स्वतंत्र वाटला जातो. पण माणसात क्रोमोसोमच्या (जीन वाहणाऱ्या धाग्यांच्या) जोड्या 23 आणि जीन वीस हजारांच्या आसपास, म्हणजे एकेका क्रोमोसोमवर शेकड्यांनी जीन बसलेले, मग ते सुटे कसे होणार? तुतारी एक्सप्रेसच्या एकाच डब्यात बसलेल्यांपैकी निम्मे दुसऱ्याच गाडीने कसे जातील? कोणी सोप्या भाषेत सांगेल का.

मालवणी मास्तर:
ताई, शंका अगदी बरोबर आहे, चूक क्लासच्या वाक्यात आहे. स्वतंत्र असतात त्या क्रोमोसोमच्या जोड्या. जीन क्रोमोसोमवर बसलेले म्हणून त्यांच्याबरोबर जातात, त्यामुळे वेगवेगळ्या क्रोमोसोमवरचे जीन आपोआप स्वतंत्र झाले, एकाच क्रोमोसोमवरचे नाही.

घरात जाळ्याचा नायलॉन दोरा असेल तर निळा नि हिरवा घ्या, निळा आईकडून आलेला, हिरवा बाबांकडून. लांब, मध्यम, आखूड असे तीन-तीन तुकडे कापा, झाल्या तीन जोड्या. आता टेबलावर खडूने रेघ मारा आणि एकेक जोडी रेघेवर समोरासमोर ठेवा, निळा वर की हिरवा वर ते दरवेळी नाणं उडवून ठरवा. हेच मेटाफेज 1, म्हणजे मायोसिसमधे जोड्या रांगेत लागतात तो टप्पा. लांब जोडीचा निळा वर गेला म्हणून मध्यम जोडीला काही फरक पडत नाही, सगळी गंमत एवढ्यातच आहे. तीन जोड्यांत 8 प्रकारचे गॅमेट (शुक्राणू किंवा बीजांडं), माणसात 2 चा 23 वा घात म्हणजे 83,88,608.

एक गोष्ट मात्र मुलं हमखास चुकतात. एका पेशीतून गॅमेट चार होतात पण प्रकार दोनच (क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीतल्या तुकड्यांची अदलाबदल, धरलं नाही तर), कारण त्या पेशीत जोड्या एकदाच रांगेत लागतात. आठही प्रकार बघायचे तर पुष्कळ पेशी लागणार.

कलमवाला, देवगड:
माका ह्यां बारावीक कधीच कळाक नाय 😀 पण बागेत रोज बघतो. हापूसची कोय लावली तर झाड हापूसचं येत नाही, काय येईल ते देव जाणे. आंब्यात जोड्या 20, म्हणजे नुसत्या वाटणीनेच दहा लाखांवर प्रकार, त्यात परागकण दुसऱ्या झाडाचा. कलमात मायोसिसचा प्रश्नच नाही, फांदी तीच, क्रोमोसोम तेच, म्हणून आजोबांच्या झाडाची चव अजून खातोय. आणि कधीतरी याच लॉटरीतून चांगलं पण निघतं, आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचा रत्ना हा नीलम आणि हापूसचाच संकर.

चिपळूणची आई:
दोरा कळला, धन्यवाद मास्तर. पण मग वाटाण्यावर प्रयोग करून गुण स्वतंत्र वाटले जातात म्हणणाऱ्या मेंडेलचं बरोबर कसं आलं? वाटाण्यात पण जीन भरपूर असणारच की.

मालवणी मास्तर:
असणारच, पण त्याने निवडलेले गुण बघा. दाणा गोल-सुरकुतलेला आणि पिवळा-हिरवा हे ठरवणारे दोन जीन वेगळ्या क्रोमोसोमवर आहेत, म्हणून 556 दाण्यांत 315, 108, 101 आणि 32 आले, साधारण 9:3:3:1, दोन गुण स्वतंत्र वाटले गेले की येतं तेच प्रमाण. 1866 मधे त्याने हे छापलं तेव्हा क्रोमोसोमशी याचा संबंध कोणाला ठाऊकही नव्हता, तो सटन आणि बोव्हेरी या शास्त्रज्ञांनी 1902-03 च्या सुमारास जोडला. मेंडेलच्या सात गुणांतले काही एकाच क्रोमोसोमवर आहेत, पण त्यातले बरेच लांब लांब.

आणि लांब असले की क्रॉसिंग ओव्हर होतं, प्रोफेज 1 मधे (रांग लागण्याआधीच्या टप्प्यात) निळ्या-हिरव्याचे तुकडे अदलाबदल होतात. म्हणजे तुमचा डबाच मधे कापून दुसऱ्या गाडीला जोडला म्हणा. जवळचे जीन क्वचितच तुटतात. मॉर्गन या शास्त्रज्ञाने फळमाशीत बघितलं, पिवळं शरीर आणि पांढरे डोळे यांचं रिकॉम्बिनेशन (अशी फाटाफूट होऊन नवी जुळणी) 1.3 टक्के, पांढरे डोळे आणि छोटे पंख यांचं 37.2, तिन्ही एकाच एक्स क्रोमोसोमवर. खूप लांब असले तर आकडा 50 पर्यंत जातो, त्याच्या वर नाही, आणि 50 ला ते स्वतंत्रच असल्यासारखे दिसतात. नीटला हे आकडे विचारतात, लेकीला सांगा.

चिपळूणची आई:
करून बघितलं आत्ता, पहिल्याच खेपेला तिन्ही निळे एका बाजूला 🤦 लेक म्हणते आई तू नाणं नीट उडवलं नाहीस.

मालवणी मास्तर:
नीटच उडवलंत. तीन जोड्यांची मांडणी चारच प्रकारे होते, त्यातली ही एक, म्हणजे चारात एकदा येणारच. आता नाणं लेकीच्या हातात द्या.