प्राथमिक शाळेच्या लायब्ररीत गटाने प्रकल्प घ्यावेत की पोरांना गप्प बसून वाचू द्यावं?

आंबराई
सातारा जिल्ह्यात जि.प. शाळेत चौथीला शिकवते. आमची लायब्ररी म्हणजे अर्धी खोली, उरलेल्या अर्ध्या खोलीत पोषण आहाराचा तांदूळ. पुस्तकं दोरीला अडकवून मुलांच्या हाताला येतील अशी लावलीयेत. या वर्षीपासून लायब्ररीच्या तासाला मी गटाने प्रकल्प घेते, चार-चार जणांचे गट, प्रत्येक गटाला एक प्रश्न आणि उत्तर शोधायचं ते पुस्तकांतून आणि गावातल्या माणसांकडून. परवा शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला दोन पालक म्हणाले की या तासाला गलका फार होतो, मुलं वाचतात कधी, त्यापेक्षा शांत बसवून वाचून घ्या. आमच्याच एका सरांनी त्यांना दुजोरा दिला.

माझं मत सरळ सांगते. आठ-नऊ वर्षांचं मूल पुस्तकात डोकं घालतं ते त्याला काहीतरी हवं असतं तेव्हा, आणि सोबत भांडायला कोणीतरी असतं तेव्हा जास्तच. पावसाळ्यात एका गटाला प्रश्न दिला होता, विहिरीवरच्या बाभळीला लटकलेले खोपे कोण बांधतं? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, सुगरण बांधते, कवितेत आहे ना. मग पक्ष्यांच्या पुस्तकात एकीला सापडलं की खोपा नर बांधतो, अर्धा झाला की मादी येऊन बघते आणि पसंत पडला तरच तिथे राहते. यावर जे भांडण झालं ते तासाभरात मिटेना, शेवटी चौघं सुट्टीत विहिरीवर जाऊन आली आणि पिवळ्या डोक्याचा पक्षी गवताची पाती घेऊन येताना बघून आली. पुस्तकात पिवळं डोकं नराचं दाखवलंय, तेही खोपे बांधायच्या दिवसांतच, आणि नरालाच येतं, हे त्यांनी परत येऊन ताडून पाहिलं. नंतर एकाने विचारलं, मग कवितेतलं चूक का? त्यावर वर्गात जे बोलणं झालं ते मी ठरवून घडवूच शकले नसते. गप्प बसवून वाचून घेतलं असतं तर हे झालं असतं का, सांगा.

निवांतवाचक
ताई, मी बरीच वर्षं गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं काम बघितलंय म्हणून लिहितोय, राग मानू नका. सुगरणीचा किस्सा चांगलाच आहे पण तो विज्ञानाच्या किंवा परिसर अभ्यासाच्या तासाचा आहे, लायब्ररीच्या तासाचा नाही. आठवड्यात असतो एक तास, पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यात गट पाडायचे, प्रश्न वाटायचे, तक्ता रंगवायचा, यात मूल पुस्तकाच्या चार ओळी वाचतं, तेवढ्याच ज्या प्रश्नाला लागतात. आख्खी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुणी काही विचारणार नाही या भरवशावर वाचणं ही वेगळीच चीज आहे आणि आपल्या बहुतेक मुलांच्या घरी त्याला ना जागा ना निवांतपणा. घरी टीव्ही चालू, धाकटं भावंड रडतंय, बारा-पंधरा फुटांची खोली. शाळेत तरी ती अर्धी खोली त्याला शांत मिळू द्या. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला दुसरा आहे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. वाचकाला म्हटलंय, गटाला नाही.

आणि गटात सगळे सारखं काम करतात हा आपला समज आहे. रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच माणसाने शंभर वर्षांपूर्वी दोरी ओढायला लावून मोजलं होतं, माणसं वाढत गेली की एकेकाचा जोर कमी होत जातो. चार पोरांच्या गटात एक वाचते, एक लिहितो, दोघं खिडकीबाहेर.

आंबराई
काका, रंगनाथनांचा पहिला नियम पण आहे ना, पुस्तकं वापरासाठी असतात. आमच्याकडे मी यायच्या आधी ती कपाटात होती, कुलूप लावून, नवीकोरी.

खडूफळा
मी द्विशिक्षकी शाळेत आहे, पहिली ते चौथी, दोघांत चार वर्ग. मुख्याध्यापकांचा चार्ज माझ्याकडे, पोषण आहाराच्या नोंदी माझ्याकडे, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम आलं की तेही मीच. आंबराई मॅडमचा उपक्रम वाचून बरं वाटलं पण माझा प्रश्न दुसराच आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. असर या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी ४८.८ टक्के आहेत. म्हणजे पाचवीतल्या चौघांच्या गटात धड वाचणारी दोनच, आणि आपण तर तिसरी-चौथीचं बोलतोय. मग संदर्भ शोधा, माहिती गोळा करा हे कोणाला सांगतोय आपण? ज्याला येतं तोच वाचणार आणि ज्याला येत नाही तो आणखी मागे लपणार, गटात तर लपायला जागा चांगली मिळते. एकटा बसला असता तर निदान मला दिसलं असतं की हा पान उलटतोय पण वाचत नाहीये.

माझ्या मते आधी वाचता येऊ द्या, केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट पण तेच आहे, तिसरी संपेपर्यंत वाचन आणि अंकज्ञान. प्रकल्प नंतर.

तिसरीबचीआई
ठाण्यात राहते, मुलगा इंग्लिश मीडियमला तिसरीत. आमच्या शाळेतले प्रकल्प कसे होतात सांगते. शुक्रवारी ग्रुपवर मेसेज येतो, सोमवारी ग्रुप प्रोजेक्ट, विषय मीन्स ऑफ ट्रान्सपोर्ट. मग चार आया व्हॉट्सॲपवर एक वेगळा ग्रुप काढतात, एक थर्माकोल आणते, एक प्रिंटआऊट, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे तर चित्रांचे तयार कागदच मिळतात प्रत्येक विषयाचे, ते कापायचे नि चिकटवायचे. पोरं सोमवारी तो तक्ता धरून उभी राहतात, फोटो निघतो, शाळेच्या पेजवर जातो. यात लायब्ररी कुठे आली, पुस्तक कुठे आलं आणि पोरगं कुठे आलं? मला मनापासून चीड येते या प्रकाराची कारण माझा मुलगा बसचा नंबर, डेपो, कुठली बस कुठून सुटते यात वेडा आहे, त्याला एसटीच्या स्टँडवर नेऊन चार प्रश्न विचारू दिले असते तर त्याने वही भरली असती. त्यामुळे मला गट बिट काही नको, त्याला लायब्ररीत त्याच्या मनाने फिरू द्या एवढंच मागणं आहे.

गणितवेडा
वरच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत पण त्या गटाच्या नाहीत, गटाला काम कसं वाटून दिलं त्याच्या आहेत. चार जणांना मिळून एकच काम दिलं की रिंगेलमान म्हणतो तेच होणार. म्हणून कामाचे तुकडे असे पाडायचे की एकाचा तुकडा दुसऱ्याकडे असणारच नाही. ही पद्धत जुनी आहे, इलियट ॲरॉन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली, जिगसॉ म्हणतात. तिथे गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नव्यानेच एका वर्गात बसवलं होतं आणि वर्गात नुसती तेढ होती. त्याने धड्याचे तुकडे केले, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा, आणि परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. म्हणजे शेजारचा बोलायला अडखळत असला तरी त्याचं ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्याचा तुकडा फक्त त्याच्याकडेच आहे. यात इतर वर्गांतली एकच तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात आणि मग आपापल्या गटात जाऊन सांगतात, त्यामुळे कच्च्या मुलालाही तयारी करायला सोबत मिळते. *इतर गटांतली असं वाचा वर, घाईत वर्ग लिहिलं.

लायब्ररीत तर हे फार सोपं आहे. विषय विहिरी. एकाकडे तिसरीचं जिल्ह्याचं परिसर अभ्यासाचं पुस्तक, दुसऱ्या मुलीकडे किशोर मासिकाचा जुना अंक, तिसऱ्याकडे मराठी विश्वकोशातल्या नोंदीची प्रिंट, चौथ्या मुलीने गावातल्या जुन्या माणसाला विचारून यायचं. चौघांची चार साधनं, कोणी कुणाचं ढापू शकत नाही.

खडूफळा
विश्वकोशाची नोंद चौथीच्या पोराला? सर, ती मलाच दोनदा वाचावी लागते. पण चौथ्या मुलीने विचारून यायचं हे पटलं. ज्याला वाचता येत नाही तो बोलण्यात बऱ्याचदा तरबेज असतो, माझ्याकडे एक आहे, आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकतो, हिशोब तोंडावर. फक्त त्याला कायम विचारून यायचंच काम दिलं तर तो वाचणार कधी, हा प्रश्न तसाच राहतो.

पारिजात
एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. गट मुलांवर सोडले की काय होतं ते मी प्रशिक्षणाच्या निमित्ताने बऱ्याच शाळांत पाहिलंय. मुली बॉर्डर काढतात, अक्षर चांगलं म्हणून लिहितात, सगळ्यांसाठी पट्टी-पेन्सिल गोळा करतात आणि तक्ता घेऊन पुढे बोलायला मुलगा उभा राहतो. आणि गट पाडायला सांगितले की वस्त्या बरोबर वेगळ्या पडतात, कोण कुठल्या आळीतला हे पोरांना चांगलं ठाऊक असतं. गणितवेडा दादांनी ऑस्टिनचं सांगितलं ते म्हणूनच महत्त्वाचं वाटलं मला. शांतपणे आपापलं पुस्तक वाचत बसलेल्या वर्गात हे काही बदलत नाही, निवांतकाका, जो तो आपल्या कोपऱ्यात आणि कोपरे ठरलेले. गट शिक्षकाने पाडायचे आणि कामं दर वेळी फिरवायची, यावर मी अडून बसेन.

निवांतवाचक
पारिजात ताई, मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण तो गटकामाच्या बाजूने झाला, वाचनाच्या बाजूने नाही. वर्गातल्या बाकीच्या सगळ्या तासांना गट करा ना, ज्ञानरचनावाद (मूल स्वतः करून ज्ञान रचतं हा विचार) आल्यापासून सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा बघून आलेल्या प्रत्येक शिक्षकाने जमिनीवर आखणी करून गट बसवलेत. सगळीकडे गट आहेत. एकट्याने वाचायचा तासच तेवढा उरलाय, तो कशाला घेताय?

दूरदेशी
न्यू जर्सीहून. मुलगी इथे दुसरीत आहे. तिच्या शाळेत लायब्ररियन ही वेगळी व्यक्ती आहे, तिचं शिक्षण त्यातच झालंय, वर्गशिक्षिका आणि ती मिळून प्रकल्प ठरवतात. मुलं दोघं-दोघं बसतात, चार नाही. या वयात दोघांतच कुणाला लपता येत नाही असा माझा तरी अनुभव, आणि प्रकल्पाच्या दिवशी सुद्धा जाताना प्रत्येक मूल आपल्या आवडीचं एक पुस्तक घरी घेऊन जातंच, ते प्रकल्पाचं नसतं. इथेही खर्च कमी करायला बऱ्याच ठिकाणी लायब्ररियन काढून टाकतायत, त्यामुळे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही.

खडूफळा
ताई, आमच्याकडे प्राथमिकला ग्रंथपालाचं पदच नाही. शिक्षण हक्क कायद्यात २००९ पासून लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टींची पुस्तकं सगळं हवं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिकला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदान. पुस्तकं येतात, माणूस येत नाही.

दोघांच्या जोडीचं मात्र डोक्यात बसलं. एक वाचणारा आणि एक अडखळणारा, प्रथम बुक्सची पुस्तकं चार पातळ्यांची असतात त्यातली पहिल्या-दुसऱ्या पातळीची द्यायची, वाचायचं अडखळणाऱ्याने आणि थांबला तिथे दुसऱ्याने हात द्यायचा. मग प्रश्न. आंबराई मॅडम, एक विचारायचंय, आकारिक मूल्यमापनात (वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या) प्रकल्पाची नोंद प्रत्येक मुलाच्या नावावर लागते. चौघांना सारखे गुण देता?

आंबराई
नाही देत. तक्त्याला गुणच नाहीत, तक्ता मी ऐच्छिक केलाय, ज्याला रंगवायचा त्याने रंगवावा. परिपाठानंतर रोज दोघा-तिघांना बोलावते आणि म्हणते, तुझ्या गटातल्या दुसऱ्या कुणी काय शोधलं ते सांग, आणि ते कुठे सापडलं ते दाखव. स्वतःचं नाही, दुसऱ्याचं. पुस्तक उघडून बोट ठेवावं लागतं, किंवा आजींनी सांगितलं असेल तर कुठल्या आजींनी ते सांगावं लागतं. सुगरणीच्या गटात जो मुलगा सगळ्यात कमी वाचतो त्याने पक्ष्यांच्या पुस्तकाचं पान बरोबर काढलं, त्याला चित्रावरून आठवत होतं, आणि मग चित्राखालची ओळ एकेक अक्षर लावून वाचली. त्या ओळीची त्याला गरज होती म्हणून वाचली. खडूफळा सर, आधी वाचता येऊ द्या मग प्रकल्प हे मला म्हणूनच पटत नाही, त्या मुलाला नुसत्या वाचनाच्या तासाला मी महिनोन् महिने पान उलटतानाच बघत होते.

निवांतकाका, तुमचा एकट्याने वाचायचा तास मला नकोय असं नाही. पण माझ्या वेळापत्रकात जागा एकच आहे आणि तिथे मी प्रश्नाला पुढे ठेवते.

निवांतवाचक
मग प्रकल्प आनंददायी शनिवारी घ्या, तो दिवस अशा उपक्रमांसाठीच दिलाय शासनाने, आणि वेळापत्रकातला तास मोकळा सोडा. दुसरं, दूरदेशी ताईंच्या बोलण्यातलं सगळ्यात मोठं काम तुम्ही सगळ्यांनी सोडून दिलंत, पुस्तक घरी जाणं. गट करा नाहीतर जोड्या करा, मूल त्या दिवशी काय घेऊन घरी गेलं ते सांगा.

खडूफळा
घरी देतो मी. पण पुस्तक फाटून आलं किंवा आलंच नाही तर साठा रजिस्टरला काय लिहायचं? तपासणीला विचारतात. आमच्या आधीच्या गुरुजींनी स्वतःच्या खिशातून भरलेत पैसे, त्यामुळेच तर कपाटांना कुलपं लागतात सगळीकडे. आंबराई मॅडम तुम्ही कसं करता?

आंबराई
फाटलेलं पुस्तक मुलंच शिवतात, सुई-दोरा आणि खळ खोलीतच ठेवलीये, आणि समितीच्या ठरावात घालून घेतलंय की वापराने खराब झालेली पुस्तकं वर्षाअखेर निर्लेखित करायची, म्हणजे रजिस्टरमधून कमी करायची. ठराव लिहून घ्या सर, तोंडी नको. मजकूर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते.