मदत हवी आहे: क्यूबेकचे तीन भाऊ, तिघेही जोझेफ

नमस्कार मंडळी,

मी माँट्रियलला राहतो. आमच्या घरमालकीणबाई ८१ वर्षांच्या. त्यांचे वडील आणि दोन काका दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, पण घरात कुणी चकार शब्द काढायचं नाही. आता बाईंना शोध घ्यायचाय आणि कॉम्प्युटरचं काम माझ्या गळ्यात पडलंय. (बदल्यात गरम तूर्तिएर, म्हणजे खिमा भरलेला इथला पदार्थ मिळतो, तक्रार नाही.)

थोरले काका रॉयल २२व्या रेजिमेंटमध्ये, इटलीत ओर्तोनाजवळ कासा बेरार्दीला १४ डिसेंबर १९४३ रोजी कामी आले. मधले फ्युझिलिए माँ-रॉयाल या माँट्रियलच्या पलटणीतले, १९ ऑगस्ट १९४२ ला फ्रान्समधल्या दिएपच्या किनाऱ्यावर जर्मनांच्या हाती सापडले. धाकटे म्हणजे बाईंचे वडील. ते १९४०च्या कायद्याने सक्तीने घेतलेले, देशातच राहिलेले. अशांना 'झाँबी' म्हणून हिणवायचे. एवढं सांगून बाई उठून चहा ठेवायला गेल्या.

अडचण पहिली: इकडे क्यूबेकमध्ये कॅथलिक मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नावात आधी जोझेफ असायचाच. त्यामुळे ऑटाव्याच्या अभिलेखागारात जोझेफांचा पूर आहे! युद्धात मरण पावलेल्यांच्या फायली सापडतात, परत आलेल्यांच्या अर्ज करून मागवाव्या लागतात. थोरल्यांचा लष्करी नंबर एका पाकिटावर आहे, पण तो 'ई'ने सुरू होतो. नंबराचं पहिलं अक्षर भरतीच्या भागावरून ठरायचं: माँट्रियलचं 'डी', 'ई' क्यूबेक शहराचं. घर माँट्रियलला असून भरती तिकडे झाली असेल का?

दुसरी गोष्ट मुख्य. बिस्किटांच्या डब्यात एक फोटो निघाला. थोरले काका आणि दोन हिंदी जवान, एकाच्या हातात मग. एका जवानाच्या बाहीवर क्लोव्हरची तीन पानं, म्हणजे ८वी इंडियन डिव्हिजन. ती तेव्हा कॅनेडियनांच्या शेजारीच लढत होती आणि तिच्यात १/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण होती. पण पंजाबी, गुरखेही होते, त्यामुळे नुसत्या बाहीवरून पलटण ठरत नाही. मागे पेन्सिलीने 'इटली, डिसेंबर ४३' असं फ्रेंचमध्ये लिहिलंय, आणि बाई म्हणतात, अक्षर काकांचं नाही. मग फोटो घरी पाठवला कुणी?

बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरमध्ये कुणाची ओळख आहे का? आणि कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत असाच फोटो असेल तर कृपया कळवा.